पाण्याचा मान

"सिस्टर, माणूस बरं होणारच नसेल, तर तुम्ही येता कशाला?"

बनूनं एका दमात विचारून टाकलं. काल शाळेच्या वाटेवर, एसटीत, गणिताच्या तासाला आणि आज सुट्टीच्या दिवशीही ते वाक्य तिनं लिमलेटच्या गोळीसारखं तोंडात घोळवलं होतं. परसाच्या कुंपणामागं रखमा आणि वर्गातल्या आणखी दोघी तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैज अशी होती की बनूनं विचारलं तर स्टँडवरची कांदाभजी त्यांच्याकडून, आणि नाही विचारलं तर बनूनं वर्गात परत कधी मोठ्यानं बोलायचं नाही. ही दुसरी अट फारच वाईट होती. मोठ्यानं बोलायला बनू आत्ता कुठं शिकली होती. गेल्या महिन्यात वाडीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषण करायला उभी राहिली, तेव्हा पहिल्या वाक्याला ती अडखळली, दुसऱ्या वाक्याला अख्खी वाडी गप्प झाली आणि शेवटी बक्षीस मिळालं. ती गप्प झालेली वाडी तिच्या अजून अंगात होती.

जानकी सिस्टर चुलीवरच्या हंड्यातल्या पाण्यात कोपर बुडवून ते किती तापलंय ते बघत होत्या. त्या दचकल्या नाहीत की रागावल्या नाहीत.

"कुणी सांगितलं विचारायला?"

"कुणी नाही. माझा मलाच पडला प्रश्न."

कुंपणामागून फिस्सकन हसू आलं.

"कुंपणालापण पडलेला दिसतोय," सिस्टर म्हणाल्या. मग आवाज चढवून, "या गं बाहेर सगळ्या! एकीनं बादली धरा, एकीनं तांब्या. काम पुष्कळ आहे."

कुंपणामागून धावत सुटलेल्या पायांचा आवाज आला.

"गेल्या," बनू म्हणाली. "भित्र्या आहेत त्या."

"आणि तू?"

"मी नाही."

"मग तो हंडा उचल. तोंडानं उत्तर द्यायला मला आत्ता वेळ नाही. तुझ्या आत्याचे केस धुवायचेत."

आत्या म्हणजे सुंदराबाई, बनूच्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात नवरा गेला आणि ती परत वरंधला माहेरी आली. घाटाच्या रस्त्यावर खडी फोडून तिनं दोन्ही भावांना वाढवलं. श्रीपत शिकून महाडला तहसील कचेरीत कारकून झाला, चंदू मुंबईला गिरणीत गेला आणि गिरणी बंद पडल्यावर गोदीत लागला. सुंदराबाईचा आवाज असा होता की तिनं ओढ्याकाठच्या खाचरातून "शिरप्याऽऽ" म्हणून हाक मारली की श्रीपत शाळेच्या टेकाडावरून पाटी घेऊन पळत सुटायचा. आता त्याच घशात गाठ होती. चंदूनं तिला पावसाळ्यात मुंबईला नेलं, लाईट, म्हणजे गाठ जाळायचे किरण, देऊन आणली. मानेची कातडी करपल्यासारखी काळी झाली आणि गाठ काही हटली नाही. शेवटी तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, घरी न्या. तेव्हापासून तिचा आवाज कुजबुजीएवढा झाला होता. घरातली सगळी तिच्यापुढं मोठमोठ्यानं बोलत होती, जणू कानच गेलेत.

तिच्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. 'घसा धरलाय' म्हणायचे.

जानकी सिस्टर ज्या गाडीतून यायच्या तिला सगळे विसाव्याची गाडी म्हणत. डॉक्टर सयाजी मुंबईला असल्याच रोग्यांच्या एका आश्रमात काम करून महाडला परत आले आणि त्यांनी 'विसावा' नावाचं पथक काढलं. ज्यांना दवाखान्यानं हात टेकून घरी पाठवलं, त्यांच्या घरी ही जीप जायची. वाडीतल्या बायका आधी तिला बघून पोरांना आत ओढायच्या. ती दारात उभी राहिली म्हणजे संपलंच, असं त्या बोलायच्या. पण सुंदराबाईच्या दारात ती दिवाळीपासून येत होती, आणि सुंदराबाई अजून होती, इतकंच नाही तर रात्रीची झोपतही होती. दुखण्याचं डॉक्टर बघायचे. जखम, तोंड, आंघोळ, कूस बदलणं जानकी सिस्टरांकडे. गाडी हाकणाऱ्या नाथूनं शाळेच्या मोडक्या बाकाची फळी कापून सुंदराबाईला टेकायला तक्क्या करून दिला होता. राहिल्या चंपाताई. त्यांचं काम काय ते बनूला बरेच दिवस कळलं नव्हतं. त्या यायच्या, पडवीत आईशेजारी बसायच्या, तांदूळ निवडू लागायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या. एकदा मात्र बनूनं पाहिलं, तांदूळ निवडता निवडता आई हमसून रडत होती आणि चंपाताई एकेक खडा बाजूला काढत होत्या.

सिस्टरांनी खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक फाडून घेतलं होतं. त्याच्या दोन्ही कडा टॉवेलवर गुंडाळून त्यांनी पन्हळ केली, तिचं एक टोक सुंदराबाईच्या मानेखाली, दुसरं खाली बादलीत. बनूनं तांब्यानं पाणी सोडलं. शिकेकाईचा वास खोलीभर झाला. वाळक्या गवतासारखे केस भिजून काळे दिसायला लागले.

"हलक्या हातानं गो," सुंदराबाई कुजबुजली. "केस हाईत ते, भात नाय झोडायचा."

बनू इतकी हसली की पाणी उशीवर सांडलं.

"डोळे मिटा मावशी," सिस्टर म्हणाल्या.

"मिटंन की. मिटायचेच हाईत. आदी जरा बघूं दे पोरीकडं."

बनूचं हसू थांबलं. तिनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर शांतपणे केसांतून बोटं फिरवत राहिल्या, जणू सुंदराबाईनं हवापाण्याची गोष्ट काढली होती. आत्याला ठाऊक आहे, बनूच्या मनात आलं. आपण सगळे मिळून जे लपवून ठेवलंय ते हिच्याच उशाशी आहे.

केस पुसून होतात न होतात तोच अंगणात चंदूकाकाचा आवाज आला. "बाय! ए बाय! बघ कोन आलंय!"

रात्रीची एसटी धरून तो महाडला उतरला होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सुंभानं बांधलेली शहाळी. चपला काढायच्या आधीच त्यानं कोयता मागून एक शहाळं फोडलं. सिस्टर बादली ओतायला परसात गेल्या होत्या. डॉक्टर शेजारच्या आळीत एका म्हाताऱ्याला बघायला गेले होते.

"वयनी, चमचा दे."

विठाबाईचा, म्हणजे बनूच्या आईचा, हात फडताळापाशी अडला.

वाडीची रीत होती. आजाऱ्याला भेटायला आलेलं माणूस तसंच उठून जात नाही. त्याच्या हातचं पाणी आजाऱ्याच्या पोटात जायला हवं, चमचाभर का होईना. जितकं जवळचं नातं तितका आधीचा मान. पण मागच्याच खेपेला सिस्टरांनी बजावलं होतं की आता पातळ पाणी चमच्यानं पाजायचं नाही, गाठीमुळं ते श्वासाच्या वाटेला वळतं. घट्ट पेज द्यायची, हनुवटी खाली धरून, सावकाश, आणि तीही विठाबाईनंच. विठाबाईनं ते पाळलं. आल्यागेल्याला तिनं चमचा दिला नाही. त्यावर शेजारची येसूबाई विहिरीवर म्हणाली होती, "भावजयीला आता नणंदेचं पानीबी जड झालं." ते शब्द विठाबाईच्या पाठीत अजून रुतलेले होते.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. श्रीपत जमिनीकडे बघत होता.

विठाबाईनं चमचा दिला.

"भावजी, जरा सावकाश हं," एवढंच ती म्हणाली.

सुंदराबाईलाही माहीत होतं. पण धाकट्या भावाचा हात पुढं आला होता. तिनं तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. दुसऱ्याला ती ठसकली. तो ठसका थांबेना. डोळे बाहेर आले, ओठ जांभळे झाले, हात हवेत काहीतरी पकडायला लागले. "बाय! बाय गो!" चंदू ओरडत होता, हातात चमचा तसाच. येसूबाई दारातून "गेली गो गेली" म्हणाली. बनू परसात धावली आणि तिनं जी हाक मारली ती ओढ्यापर्यंत गेली असेल.

सिस्टर ओल्या हातांनी आल्या. त्यांनी सुंदराबाईला दोन्ही काखांत हात घालून बसवलं, पुढं वाकवलं, मान खाली. "मी आहे मावशी. बाहेर टाका. टाका. बनू, पाठीवर हात फिरव, वरून खाली. मारायचं नाही. खिडकी उघडा कुणीतरी. आणि दारातली गर्दी कमी करा." त्यांचा आवाज जराही चढला नाही. बनूच्या तळहाताखाली आत्याची बरगडी न् बरगडी थरथरत होती. मग एक लांब, फाटका श्वास आत गेला. मग दुसरा.

सुंदराबाईनं डोळे उघडले तेव्हा तिनं आधी चंदूला शोधलं. चंदू खोलीत नव्हता.

तो अंगणात होता आणि जीपच्या बॉनेटवर हात आपटत होता.

"ये क्या चल रहा है? गुंगीचं औषध पाजून पाजून गळा बंद करून टाकला बायचा! आन् आमी हितं चहा पाजतोय यांना! दादा, मी उद्या सकाळी टेम्पो सांगतो. ॲडमिट करतो मुंबईला. माझ्या वळखीचा एकदम फर्स्ट क्लास डॉक्टर हाय."

डॉक्टर सयाजी तेवढ्यात आले होते. ते मोटारीच्या पायरीवर बसले, म्हणजे चंदूपेक्षा खाली. "औषधानं दुखणं थांबतं, चंदूभाऊ. गिळणं बंद झालंय ते गाठीमुळं. मुंबईला नेलंत तर मी चिठ्ठी देईन, अडवणार नाही. पण तिथं गाठ कमी करायचं काही उरलेलं नाही. तुमच्याच समोर सांगितलं होतं त्यांनी."

"सांगत्यात सगळे. म्हनून काय बघत बसायचं?"

"चंदू म्हणतोय तर..." श्रीपत पुटपुटला. "एकदा नेऊन बघायला काय हरकत आहे? उद्या लोक म्हणतील, भाऊ कारकून असून बहिणीला घरी ठेवली."

बनूनं बाबांकडे पाहिलं. कालपर्यंत बाबाच म्हणत होते की बायला इथं बरं वाटतं. चंदूकाकाच्या दोन वाक्यांत ते पार पलीकडं गेले.

आणि आईवर तर या अंगणात कुणाचाच भरवसा नव्हता. नणंदेची उस्तवार करून ती कावलीय, तिला सुटका हवी असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तीच पदर खोचून पायरी उतरली.

"लोक म्हणतील? आणि मी इतके दिवस काय केलं ते लोकांना दिसलं नाही? वन्संची पाठ एक फोड न येता ठेवलीय मी. त्यांना टेम्पोत घालून खड्ड्यांतनं नेणार, आणि त्या चाळीतल्या खोलीत नळाच्या भांडणात निजवणार? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

"वयनी, तू मधे नको बोलू. रक्ताचं नातं आमचं हाय."

"तर! आणि गू-मूत माझं."

येसूबाईनं पदर तोंडाला लावला. नाथूनं हळूच जाऊन तिला आणि बाकीच्या बायकांना "काकी, जरा चला पलीकडं, गाडी वळवायचीय" म्हणून फाटकाबाहेर नेलं. गाडी काही वळवायची नव्हती.

चंपाताई आतापर्यंत पडवीत सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"चंदूभाऊ, तुम्हाला न्यायचंय. श्रीपतभाऊंचं मन होतंय, होत नाहीय. विठाबाईंना न्यायचं नाही. सगळ्यांचं ऐकलं. सुंदराबाईंना कुणी विचारलं?"

"तिला काय इचारायचं?" चंदूचा आवाज एकदम खाली आला. "तिला माहीतच नाय तिला काय झालंय ते. तिला सांगितलं तर ती आजच जीव सोडंल."

"आम्ही आपण होऊन काही सांगितलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे मी पहिल्या दिवशी श्रीपतभाऊंना सांगितलंय."

सगळे एकमेकांकडे बघत राहिले, जसं सगळा वर्ग उत्तर येणाऱ्या मुलाकडे बघतो. बनूला ते बघणं सहन होईना. उत्तर ज्याच्याकडं होतं ते माणूस भिंतीपलीकडं होतं. ती वळली आणि सरळ आत गेली.

"बनू!" बाबांची हाक तिच्या मागं आली. ती थांबली नाही.

सुंदराबाई तक्क्याला टेकून होती. ओले केस खांद्यावर मोकळे. सिस्टर नाडी धरून बसल्या होत्या. बनूनं खाटेपाशी गुडघे टेकले. मघाचा सिस्टरांना विचारलेला प्रश्न तिला आता अगदी पोरकट वाटला. हा त्याहून कितीतरी जड होता.

"आत्या, काका तुला मुंबईला न्यायचं म्हणतोय. तुला जायचंय?"

सुंदराबाईचे ओठ हलले. बनूनं कान लावला. मग ती उठली, उंबऱ्यावर उभी राहिली, आणि जयंतीच्या व्यासपीठावरून बोलावं तसं खणखणीत बोलली, "आत्या म्हणते, 'घसा गेलाय माजा, कान नाय. मगापासून सगळं ऐकतेय मी.'"

श्रीपतनं डोळे मिटून घेतले.

"आणि म्हणते, मुंबईला नाय जायचं."

"ती म्हनते का तू म्हनतेस?" चंदू उसळला. "बक्षीस मिळाल्यापासून लय बोलायला लागलीस!"

महिन्यापूर्वीची बनू असती तर इथंच विरघळून आईच्या मागं गेली असती. तिचे कान तापले, पण पाय उंबऱ्यावरून हलले नाहीत.

"आवाज माझा आहे, काका. शब्द तिचे आहेत. पटत नसेल तर तुम्ही या आणि कान लावा. ती ओरडू शकत नाही म्हणून तुम्ही अंगणात उभं राहून ठरवणार होय?"

"काय बोलतेस गो काकाला!" आई म्हणाली. पण तिनं बनूला मागं ओढलं नाही. आई फक्त पायरीवरून बाजूला झाली, चंदूला आत जाता यावं म्हणून.

चंदू आला. खाटेवर न बसता जमिनीवर बसला. एवढा मोठा गोदीतला माणूस, पोती उचलून मान बैलासारखी झालेली, पण खाटेपाशी त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"बाय... तुला काय झालंय ते तुला माहीत हाय?"

सुंदराबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याचा कान धरला. लहानपणी धरायची तसाच, पिळून. आणि तोंडाजवळ आणला.

"चंद्या, घसा माजा हाय. माजा मला नाय कळनार? लाईट देतानाच कळलं मला. तू बाहेर जाऊन रडत होतास तवा."

चंदूच्या खांद्यांना हिसका बसला.

"मंग बोलली का नाय?"

"तुमीच येवडं झाकत होता. म्हटलं, पोरांनी येवडं झाकलंय तर ऱ्हाऊं दे." ती थांबली, दम घेतला. प्रत्येक वाक्यानंतर तिला पायरी चढल्यासारखं थांबावं लागत होतं. "मुंबईत मी मेले तर तू मला बांधून आननार. येवड्या लांब. त्यापरीस मी हितंच बसते."

"असं बोलू नको गो."

"तूच इचारलंस. ऐक की आता. तू किती दिस हाईस?"

"उद्या रातीच्या गाडीनं जायाचं. रजा नाय, बाय."

"आन् मी मेल्यावर घेशील रजा?"

"घेनारच ना."

"मंग ती आताच घे. मलाबी तुजं तोंड दिसंल."

चंदूनं कपाळ खाटेच्या पट्टीवर टेकलं. सुंदराबाईचा हात त्याच्या डोक्यावर होता, पण ती बघत होती दाराकडे. तिथं श्रीपत येऊन उभा राहिला होता, एक पाय आत, एक बाहेर. तिनं बोटानं त्याला बोलावलं. त्यानं कान खाली नेला. ती त्याच्या कानात काय म्हणाली ते बनूला कधीच कळलं नाही. बाबा मात्र ताठ झाले, आणि बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाले, "बाय इथंच राहील. लोकांना काय ते मी बघतो."

हे वाक्य बाबांच्या तोंडून इतकं अनोळखी वाटलं की बनूनं आईकडे पाहिलं. आईनं बाबांपुढं पाण्याचा तांब्या केला.

चंदू बऱ्याच वेळानं परसात आला. सिस्टर इंजेक्शनची नळकांडी उकळत होत्या. तो चुलीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसला.

"सिस्टर, खरं सांगा. मगाचं ते माझ्या पान्यानं झालं?"

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. बनूला वाटलं, आता या काहीतरी गोड सांगतील. त्यांनी नाही सांगितलं.

"हो. पातळ पाणी गाठीपाशी वाट चुकतं. तुमचा हात वाईट नव्हता. पण परत चमचा नको."

"मंग भावानं काय करायचं? नुसतं बघत बसायचं?"

"हात धुऊन या. साबणानं, कोपरापर्यंत."

त्यांनी त्याच्या जाड बोटाला मऊ गॉजची पट्टी गुंडाळली. शहाळ्याचं पाणी वाटीत काढलं, पट्टी बुडवली आणि चांगली पिळायला लावली. "थेंब पडता कामा नये. नुसती ओल. आधी ओठ. मग गालाच्या आतून. मग हिरड्या. शेवटी जीभ, अलगद. त्यांनी तोंड मिटलं की थांबायचं."

पोती फेकणाऱ्या त्या हातानं सुंदराबाईच्या भेगाळलेल्या ओठांवरून पट्टी फिरवली. एकदा, परत एकदा. सुंदराबाईनं जीभ टाळ्याला लावली, डोळे बारीक केले.

"गोड हाय," ती म्हणाली. "महाडचं नाय वाटत हे. कुठनं आनलंस?"

"महाडचंच हाय, बाय."

"मंग तुला बरं घावलं. शिरप्या आनतो ते सगळं तुरट."

बाहेरून बाबा म्हणाले, "ऐकलं मी," आणि दिवसभरात पहिल्यांदा त्या घरात दोघंतिघं एकदम हसली.

थोड्या वेळानं येसूबाई परत आली, पदराखाली तिचा घरचा चमचा घेऊन. मान तिचाही होताच, शेजारधर्माचा. विठाबाई फडताळापाशी उभी राहिली, पुन्हा तीच पाळी आली म्हणून. पण चंदूच पुढं झाला.

"काकी, चमचा नाय. मी पाजला न् बघितलंस ना काय झालं ते? वयनीचं बरोबर होतं. हात धू, पट्टी लावून देतो. ओठ पूस. तोच मान."

येसूबाईनं विठाबाईकडे पाहिलं आणि ती हात धुवायला गेली. विठाबाई चुलीकडे वळली. तिचा पदर डोळ्यांशी गेला होता, धूर नसताना.

उन्हं कलायच्या आत जीपला परत जायचं होतं. चंपाताईंनी सगळ्यांना पडवीत बसवलं. डॉक्टरांनी पुढं काय होईल ते सांगितलं, काही न झाकता, ओळखीच्या रस्त्याबद्दल सांगावं तसं. झोप वाढेल. खाणं सुटेल, तेव्हा जबरदस्ती करायची नाही. श्वासाचा आवाज बदलेल, तो ऐकणाऱ्याला भीतीदायक वाटतो, पण औषध चालू असलं तर त्यांना त्रास होत नसतो. रात्री-बेरात्री काही वाटलं तर स्टँडजवळ राहणाऱ्या नाथूच्या भावाकडे निरोप धाडायचा, गाडी येईल.

"तुम्ही सगळ्यांनी सगळं करायचं नाही," चंपाताई म्हणाल्या. "तसं केलं की भांडणं होतात. वाटून घ्या."

घड्याळाप्रमाणं औषध श्रीपतकडे गेलं. कचेरीत एक मिनिट इकडंतिकडं न करणाऱ्या माणसाला ते मनापासून पटलं, त्यानं भिंतीवरचं घड्याळ तिथल्या तिथं उतरवून खाटेसमोरच्या खुंटीला लावलं. चंदू रजा काढून थांबणार होता, तोंड पुसायचं त्याच्याकडे. पेज आणि आंघोळ विठाबाईकडे, पण कूस बदलताना चंदूनं उचलायचं आणि दुपारी तिनं तासभर झोपायचं, असं चंपाताईंनी सगळ्यांच्या देखत कबूल करून घेतलं. "झोप येत नाही मला दुपारची," विठाबाई म्हणाली. "नुसतं पडा," चंपाताई म्हणाल्या.

"आणि बनू उद्या सकाळी पोलादपूरला जाईल," विठाबाई उठता उठता म्हणाली. "माझ्या भावाकडं. पेटी भरून ठेवलीय मी कालच. दहावीचं वर्ष आहे, आणि पोरीनं हे सगळं बघायला नको. काही झालं की माणूस पाठवू तिला आणायला."

"बरोबर आहे," श्रीपत म्हणाला. या एका गोष्टीवर दोघांचं आज पहिल्यांदा लगेच एकमत झालं होतं.

बनू पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिच्या हाताला अजून शिकेकाईचा वास होता.

"पेटी मोकळी केली मी," ती म्हणाली.

"काय केलंस?"

"मघाशी. पुस्तकं आत्याच्या खाटेखाली लावलीत. मी तिला वाचून दाखवत अभ्यास करणार. भूगोल तिला आवडतो, घाटाचा रस्ता कुठून कुठं जातो ते माझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक आहे. आणि केस मीच धुणार, सिस्टरांनी शिकवलंय."

"बनू, दहावी आहे तुझी!" बाबांचा आवाज चढला.

"दहावी मार्चमध्ये आहे, बाबा. आत्या आत्ता आहे."

आईनं तोंड उघडलं. आत खाटेवर सुंदराबाईची कुजबूज आणि परत तिच्यापाशी गेलेल्या चंदूकाकाचं हळू आवाजातलं "नाय गो, हललं नाय पायजे" चाललं होतं. बनूनं वाट पाहिली नाही.

"मी पोलादपूरला जाणार नाही. हे मी विचारत नाहीय, सांगतेय. आणि आई, मला आणायला माणूस पाठवायची गरज नाही पडायची. ती जाईल तेव्हा मी इथंच असेन."